खराब झालेल्या टंगस्टनमधला ड्युटेरियम मोजताना या चुका टाळा

टंगस्टनमध्ये हायड्रोजन फारसा विरघळत नाही. फ्यूजन अणुभट्टीच्या भिंतीसाठी टंगस्टन निवडण्यामागे हेही एक मोठं कारण. पण न्यूट्रॉनच्या माऱ्यानं स्फटिकातले अणू जागचे हलले की रिकाम्या जागा उरतात, आणि त्या ट्रिटियमला (इंधनातल्या जड हायड्रोजनला) सापळ्यासारख्या धरून ठेवतात. ट्रिटियम किरणोत्सारी, अर्धायुष्य १२.३ वर्षं. म्हणून भिंतीत किती साठेल हा प्रश्न सुरक्षेचा आहे. प्रयोगशाळेत न्यूट्रॉनऐवजी टंगस्टनचेच वेगवान आयन (विद्युतभारित अणू) मारतात आणि ट्रिटियमच्या जागी ड्युटेरियम (हायड्रोजनचाच जड, पण किरणोत्सारी नसलेला प्रकार) भरतात; त्यासाठी नमुना ड्युटेरियमच्या प्लाझ्मात (विद्युतभारित वायूत) ठेवतात. गडबड इथूनच सुरू होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सापळे पूर्ण भरण्याआधीच मोजणं. २० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेच्या आयनांची इजा सुमारे २.३ मायक्रॉन खोल जाते. वरच्या थरातले सापळे भरल्याशिवाय ड्युटेरियम पुढे सरकत नाही, त्यामुळे खोली दुप्पट हवी असेल तर वेळ साधारण चौपट लागतो. ३७० केल्विनला, सौम्य प्लाझ्मात, हा थर भरायला तीन दिवसही लागू शकतात. एका दिवसात नमुना काढलात तर आकडा कमी येतो, आणि त्याचा अर्थ ‘सापळे कमी’ असा लावला जातो. प्रत्यक्षात ते रिकामे असतात! ड्युटेरियम मोजायला नमुन्यावर हेलियम-३ चा झोत मारतात; त्या झोताची ऊर्जा बदलत खोलीनुसार ड्युटेरियमचा आलेख काढा. तो इजेच्या टोकापर्यंत सपाट हवा. आधीच घसरला तर नमुना परत प्लाझ्मात. घाई म्हणून तापमान वाढवू नका, कारण कमकुवत सापळे लगेच रिकामे होतात आणि आणखी तापवलं तर रिक्त जागा स्वतःच सरकू लागतात. आयनांची ऊर्जा किलोइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये नेली तर नवीच इजा होते.

दुसरी गोष्ट डीपीएची, म्हणजे प्रत्येक अणू सरासरी किती वेळा जागचा हलला या मापाची. नुसतं ‘०.२ डीपीए’ लिहून भागत नाही. एसआरआयएममध्ये (इजेची गणना करणाऱ्या संगणक प्रोग्राममध्ये) विस्थापन ऊर्जा, म्हणजे अणू जागचा हलवायला लागणारी ऊर्जा, किती धरली (टंगस्टनसाठी बहुतेक जण ९० इलेक्ट्रॉनव्होल्ट धरतात) आणि गणनेची कोणती पद्धत निवडली, हे लिहा. त्यातल्या ‘त्वरित’ आणि ‘पूर्ण कॅस्केड’ या दोन पद्धतींच्या आकड्यांत जवळपास दुपटीचा फरक पडतो. शिवाय खोलीच्या तापमानाला केलेल्या इजेत साठवण ०.१ ते ०.२ डीपीएच्या आसपास स्थिरावते. पुढे मारा वाढवून आलेख सपाट राहिला तर उपकरण बिघडलंय असं समजू नका.

नमुना तापवून वायू बाहेर काढताना आलेखात आलेला प्रत्येक उंचवटा म्हणजे एक सापळा, हा समज तर सोडूनच द्या. एकाच रिक्त जागेत अनेक अणू बसतात, आणि गर्दी वाढली की पकड सैल होते. सुटलेला अणू वाटेत पुन्हा अडकतो, म्हणून इजा खोल असेल तर उंचवटा वरच्या तापमानाला सरकतो. तापवण्याचा वेग बदलला तरी तो सरकतो. निदान दोन वेगांनी मोजा. उष्णतायुग्म (तापमान मोजणारी तारांची जोडी) नमुन्याचं तापमान दाखवतंय की धारकाचं, हे त्याच आकाराच्या दुसऱ्या तुकड्यावर जोडून तपासा. बाहेर आलेला वायू मोजताना फक्त वस्तुमान ४ कडे, म्हणजे ड्युटेरियमच्या रेणूकडे (डी२), बघू नका. एचडी (एक साधा हायड्रोजन, एक ड्युटेरियम) ३ वर येतो, जड पाणी १९ आणि २० वर, आणि साध्या क्वाड्रुपोलला (वस्तुमानानुसार वायू ओळखणाऱ्या उपकरणाला) ४ वर हेलियम आणि डी२ वेगळे ओळखता येत नाहीत.

नमुन्याचा क्रम मात्र ठरलेला: आधी घासणं, मग तापवणं, मग आयनांचा मारा. तापवल्यावर पुन्हा घासलात तर पृष्ठभागाला नवे दोष येतात आणि ते तुमच्या आकड्यात मिसळतात.

भरलेला नमुना मोजण्याआधी किती दिवस कपाटात होता, तेही वहीत लिहा. सैल धरलेला ड्युटेरियम खोलीच्या तापमानालाही निघून जातो.