यकृतातल्या पेशी मार्करने ओळखताना या चुका टाळा

मार्कर म्हणजे पेशीची ओळख पटवणारं प्रथिन; त्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने ते रंगवून दाखवतात. निगेटिव्ह कंट्रोलची (मुख्य अँटिबॉडी न लावलेली) स्लाइडही तपकिरी दिसली की आपण आधी अँटिबॉडीवर संशय घेतो. यकृताच्या बाबतीत गुन्हेगार बरेचदा ऊतीतच लपलेला असतो. हेपॅटोसाइटमध्ये (यकृताच्या मुख्य पेशींत) बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असतं आणि उष्णता देऊन अँटिजेन (अँटिबॉडी जिथे चिकटते ते) मोकळे केले की तेही उघडं पडतं. मग अ‍ॅव्हिडिन-बायोटिनवर चालणारं किट त्यालाच जाऊन चिकटतं. बायोटिन ब्लॉक करा, नाहीतर सरळ बायोटिन न लागणारी पॉलिमर पद्धत वापरा. फ्लुओरोसन्समध्ये (चमकणाऱ्या रंगांच्या पद्धतीत) हाच घोळ लिपोफ्युसिन हे पेशीत साठणारं, आपोआप चमकणारं रंगद्रव्य घालतं, म्हणून न रंगवलेला एक छेद नेहमी सोबत तपासा.

सगळ्यात जास्त फसगत स्टेलेट पेशी (यकृतात जीवनसत्त्व ‘अ’ साठवणाऱ्या पेशी) ओळखताना होते. निरोगी यकृतात अल्फा-एसएमए (गुळगुळीत स्नायूंतलं एक प्रथिन) हा मार्कर लावायचा आणि ‘स्टेलेट पेशी नाहीतच’ म्हणायचं, ही नेहमीची चूक. शांत स्टेलेट पेशी हे प्रथिन जवळजवळ बनवतच नाहीत. इजा झाल्यावर त्या सक्रिय होतात तेव्हा ते दिसतं. शिवाय रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले गुळगुळीत स्नायूही त्याने रंगतात. डेस्मिन हे दुसरं मार्कर-प्रथिन उंदरात बरं चालतं, माणसात भरवशाचं नाही. पीडीजीएफआर-बीटा हा मार्कर सोबत घ्या. जीवनसत्त्व ‘अ’च्या थेंबांची अतिनील प्रकाशातली चमक हाही चांगला पुरावा, पण ती भराभर विझते, कॅमेरा आधीच तयार ठेवा.

कुप्फर पेशींसाठी (यकृतातच राहणाऱ्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशींसाठी) क्लेक४एफ हा मार्कर उंदरात उत्तम, माणसाच्या ऊतीत मात्र निरुपयोगी. सीडी६८ हे मार्कर-प्रथिन माणसात चालतं, पण ते रक्तातून नव्याने आलेल्या मॅक्रोफेजनाही रंगवतं. सूज असलेल्या नमुन्यात नुसत्या सीडी६८वर मोजणी केली तर आकडा फुगणारच. पेशी सुट्या करून फ्लो सायटोमेट्री (लेझरसमोरून एकेक पेशी नेऊन मोजणी) करणार असाल तर एफसी रिसेप्टर (अँटिबॉडीचं शेपूट पकडणारी प्रथिनं) ब्लॉक करायला विसरू नका: कुप्फर आणि सायनुसॉइडच्या (यकृतातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या) अस्तरातल्या पेशींवर ते खच्चून असतात. या अस्तरासाठी नुसतं सीडी३१ हे मार्कर-प्रथिन पुरत नाही, कारण ते सगळ्याच रक्तवाहिन्यांत असतं. स्टॅबिलिन-२ हा मार्करही जोडा.

अल्ब्युमिन, हेपॅटोसाइट बनवतात ते प्रथिन? ते रक्तातही असतं, त्यामुळे हेपॅटोसाइट ठरवताना केंद्रकात दिसणारं एचएनएफ४-अल्फा हे जनुकांवर नियंत्रण ठेवणारं प्रथिन मला जास्त पटतं. पित्तनलिकांसाठी सीके१९ (एक केराटिन प्रथिन) घ्या. आणि ग्लुटामाइन सिंथेटेज हे एंझाइम फक्त मध्यशिरेभोवतीच्या हेपॅटोसाइटच्या एक ते तीन थरांत दिसलं तर रंजन पुन्हा करत बसू नका. तिथे ते तेवढंच असतं.