सोमवार सोडून ससेपालन

कोल्हापूर जिल्ह्यातील करवीर तालुक्यात आमच्या घरी दोन म्हशी होत्या आणि सकाळ-संध्याकाळ धार काढून दूध संस्थेत घालणे हे लग्नानंतर अठरा वर्षे माझे काम होते. २०१८ च्या पावसाळ्यात सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटे वळेनाशी झाली, मुठीत सड धरवेना, आणि अर्धवट काढलेल्या धारेमुळे एका म्हशीची कास सुजली, तेव्हा हा नुसता थकवा नव्हे हे घरात सर्वांनी मान्य केले. रक्ताच्या तपासण्यांतून आमवात निघाला. एक म्हैस दिवाळीत विकली, दुसरी संक्रांतीनंतर. कौलारू गोठा रिकामा राहिला आणि त्या रिकाम्या गोठ्याकडे पाहवत नव्हते म्हणून ससे आणले, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही. एखादे दुखणे अंगावर वागवत परसात ससे पाळू पाहणाऱ्या नवख्या माणसासाठी हा अनुभव लिहीत आहे.

पहिली चूक संख्येची झाली. आपल्याकडे ससे ‘युनिट’वर विकले जातात, सात माद्या आणि तीन नर असा साधारण हिशेब असतो आणि विकणारा पिल्ले परत घेण्याची हमी तोंडभरून देतो. एमू आणि कडकनाथ कोंबड्या पाळण्याच्या करारांत आपल्या भागातील किती घरे पोळली हे ठाऊक असूनही मी ते युनिट घेतले. खरे पाहता एका नराला पाच ते आठ माद्या पुरतात, त्यामुळे तीन नरांपैकी दोन केवळ चारा फस्त करायला आले होते. मादी एका वेताला साधारण सहा ते आठ पिल्ले देते आणि वयात येणारे नर एकमेकांना ओरबाडू लागले की प्रत्येकाला वेगळा पिंजरा लागतो. पाच महिन्यांत गोठा भरला, परत घेणाऱ्याचा फोन लागेना, आणि नेमके त्याच आठवड्यात माझे मनगट इतके सुजले की पिंजऱ्याची कडी उघडेना. त्या आठवड्यात जे हाल झाले त्यातून एक गोष्ट पक्की केली: सशांची संख्या आपल्या सर्वांत वाईट दिवसाच्या ताकदीवर ठरवायची. आज माझ्याकडे पाच माद्या आणि एक नर आहे. नवख्याने दोन माद्या आणि एक नर यांवर एक उन्हाळा व एक पावसाळा काढावा आणि मगच पुढचा विचार करावा.

आमवाताची खोड अशी की सकाळी सांधे आखडलेले असतात आणि दुपारनंतर ते सैल होतात. म्हशीला हे चालत नाही, सशाला चालते. ससा संध्याकाळी आणि पहाटे हालचाल करणारा प्राणी आहे. दिवसा तो बहुतेक पडून असतो आणि मुख्य खाणे रात्रीच खातो. म्हणून माझे सगळे काम संध्याकाळी चार ते सहा या वेळेत होते आणि सकाळी मुलगी कॉलेजला जाण्यापूर्वी केवळ एक फेरी मारून पाणी चालू आहे ना, एखाद्या सशाने खाणे तसेच ठेवले आहे का, एवढे पाहते. ही सकाळची नजर मात्र कधीही चुकवू नये. ससा आजार लपवतो, आणि रात्रीचे खाणे तसेच पडलेले असणे, लेंड्या बारीक होणे किंवा बंद होणे ही त्याची पहिली आणि पुष्कळदा शेवटची सूचना असते. त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते, त्याला उलटी होत नाही, आणि अर्ध्या दिवसाहून अधिक काळ काही खाल्ले नाही तर तातडीने पशुवैद्याकडे न्यावे लागते. पहाटे तो स्वतःच्या मऊ लेंड्या खाताना दिसला तर घाबरू नये. अन्न दोनदा पचवण्याची ती त्याची नैसर्गिक रीत आहे.

दुसरा हिशेब वारांचा आहे आणि तो मला कोणी शिकवला नाही. आमवातावरची माझी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री असते. (ती चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते, म्हणून आमच्याकडे कॅलेंडरवर खूण केल्याशिवाय डबी उघडायची नाही असा नियम आहे.) सोमवारी मळमळ आणि ग्लानी असते, त्या दिवशी माझ्याकडून काही होत नाही. सशाची मादी साधारण ३० ते ३२ दिवसांत विते. ३१ दिवस म्हणजे चार आठवडे आणि तीन दिवस, म्हणून जोडणी मंगळवारी केली तर पिल्ले गुरुवार ते शनिवार या दिवसांत येतात आणि सोमवार मोकळा राहतो. शिवाय २८ वा दिवस पुन्हा मंगळवारच येतो, तेव्हा पिल्लांची पेटी पिंजऱ्यात ठेवायची हे वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही. जोडणीसाठी मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचे, उलट नाही. आपल्या जागेत आलेल्या नराला मादी फाडून काढते. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट चाचपून गाभण आहे का ते कळते, पण माझ्या बोटांना तो अंदाज येत नाही. तो मुलीने शिकून घेतला, आणि ती घरी नसेल तर मी शंका न काढता पेटी ठेवते. रिकामी पेटी परत काढण्यात नुकसान काहीच नाही.

पेटीत भाताचे पिंजर किंवा मऊ वाळले गवत घालावे. आपल्याकडे उसाचा पाला मुबलक असतो, पण त्याच्या कडा धारदार असतात आणि पिल्ले जन्मतः उघडी, आंधळी असतात, म्हणून तो वापरू नये. मादी अंगावरचे केस उपटून घरटे सजवते. पहिल्या वेताच्या वेळी मादी पिल्लांकडे फिरकतच नाही असे वाटून मी रात्रभर जागले आणि दुसऱ्या दिवशी अंथरुणाला खिळले. ती दिवसातून एकदा, तेही काही मिनिटेच पाजते, हे ठाऊक असते तर झोपले असते. पिल्लांची पोटे गोल आणि ताठ असली की पाजले असे समजावे. डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात.

बाजारातील तयार पिंजरे घेण्यापूर्वी स्वतःचे दुखणे त्यांच्यापुढे उभे करून पाहावे. वरून उघडणारे झाकण आणि चिमटीत दाबायची स्प्रिंगची कडी मला निरुपयोगी ठरली. गावातील वेल्डरकडून मी कमरेच्या उंचीवर पिंजरे बसवून घेतले, दारे समोरून उघडणारी केली आणि कडीऐवजी कोपराने ढकलता येईल असा लांब दांडा लावून घेतला. मातीच्या भांड्यांऐवजी २० लिटरच्या कॅनमधून नळी आणि सशाने चाटले की पाणी येणारे निपल काढले, त्यामुळे रोज बारा भांडी विसळणे सुटले. खाद्याचे ५० किलोचे पोते दुकानातच पाच-पाच किलोंच्या डब्यांत भरून घेते. दुकानदार आधी हसला, आता न सांगता भरतो.

ससा उचलणे हा मात्र अवघड भाग आहे. कान धरून उचलणे क्रूरपणाचे आहेच, पण मागचा भाग हाताने तोलला नाही तर ससा जोरात लाथ झाडतो आणि स्वतःचाच कणा मोडून घेतो. माझ्या हातून एक मादी अशी सुटली आणि तिचे मागचे पाय कायमचे गेले. तेव्हापासून मी ससा हाताने उचलत नाही. वेताच्या काड्यांची दुरडी पिंजऱ्यात आडवी ठेवते, तो आत शिरला की तोंडावर फडके टाकते आणि दुरडी दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेते.

हिरव्या चाऱ्यासाठी बांधावरची शेवरी, हादगा आणि लसूणघास पुरेसा आहे. पावसाळ्यात ओला चारा थेट घातला की पोट फुगते, म्हणून तो एक वेळ पडवीत पसरून कोमेजवावा. दमटपणात कोवळ्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. पिंजऱ्याची जाळी कोरडी ठेवणे हा त्यावरचा अर्धा उपाय आहे. उन्हाळा त्याहून कठीण. सशाला घाम येत नाही, तो कानांतून उष्णता टाकतो, आणि एप्रिल-मेच्या तापात नर काही आठवडे नापीक होतो. कौलाखाली ओली गोणपाटे बांधते आणि त्या दोन महिन्यांत जोडणी बंद ठेवते. त्या काळात माझेही सांधे विसावतात. नदीकाठच्यांनी आणखी एक पाहावे: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. आम्ही ३९ ची वाट न पाहताच पिंजरे माडीवर हलवतो, कारण ते हलवायला लागणारे शेजारी त्यानंतर स्वतःच्या घरात अडकलेले असतात.

औषधांबाबत माझा एक अपराध सांगितला पाहिजे. शिंकणाऱ्या सशाला मी घरातील उरलेले अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक पाण्यातून पाजले. या जातीचे औषध तोंडावाटे दिले की सशाच्या आतड्यातील उपकारक जिवाणू मरतात. तो तिसऱ्या दिवशी हगवणीने गेला. माणसांची औषधे सशाला देऊ नयेत. उलट बाजूने, माझी प्रतिकारशक्ती गोळ्यांनी दबलेली असल्यामुळे सशाच्या अंगावरचे गजकर्ण माझ्या हातावर आले आणि बरे व्हायला दोन महिने लागले. आता हातमोजे आणि मास्क घालूनच आत जाते, मूत्राचा उग्र वास साठू देत नाही आणि ओरखडा उठला तर त्याच मिनिटाला साबणाने धुते. अशी औषधे घेणाऱ्याने जनावर आणण्याआधी आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. मी हे उशिरा केले.

पैशाचे थोडक्यात सांगते. हा म्हशीच्या दुधाची जागा घेणारा धंदा नाही. घरी पाळण्यासाठी पिल्ले आणि पैदाशीसाठी जोड्या विकल्या जातात, आणि लेंड्या न कुजवताही झाडांना घालता येत असल्याने फुलझाडे लावणारे त्या आवडीने नेतात. केसांना लावायला सशाचे रक्त मागणारे लोक येतात, त्यांना मी दारातूनच परत पाठवते. रानातला ससा आणून देऊ का, असे विचारणारेही भेटतात. तो वेगळ्या जातीचा प्राणी आहे, पाळीव सशाशी त्याची पैदास होत नाही, आणि त्याला पकडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

गोठ्याच्या खांबाला एक वही टांगलेली आहे. तीत जोडणीची तारीख, पेटीची तारीख, पिल्ले किती, आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवशी माझी बोटे कशी होती, हे लिहिते. तपासणीला जाताना डॉक्टर हाच रकाना आधी पाहतात. यंदाच्या पहिल्या पानावर ‘सहावी मादी ठेवायची नाही’ असे मी ठळक लिहिले आहे. त्याखाली मुलीने पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले आहे.