फँटसी फुटबॉलमध्ये वाइड रिसीव्हर कसे निवडायचे आणि स्लीपर कुठे शोधायचे

ड्रीम इलेव्हन खेळलेल्या माणसाला फँटसी फुटबॉल बघून आधी वाटतं की हे तेच आहे, फक्त क्रिकेटऐवजी एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग. पण एक मोठा फरक आहे आणि तो डोक्यात नीट बसला की पुढचं सगळं सोपं जातं. तिकडे एकच विराट लाखो लोकांच्या टीममध्ये असू शकायचा, इथे तुमच्या लीगमध्ये साधारण १० किंवा १२ जण असतात आणि एक खेळाडू एकाच माणसाकडे जातो, तुम्ही घेतला की बाकीच्यांना तो मिळतच नाही. आणि टीम एका मॅचपुरती नसते, सप्टेंबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत तीच टीम सांभाळायची. त्यामुळे "सगळ्यात भारी कोण" हे माहीत असून भागत नाही, कारण ते सगळ्यांनाच माहीत असतं. तो भारी खेळाडू किती उशिरापर्यंत मिळतो, हा खरा प्रश्न.

अमेरिकेत ऑफिसच्या लीगमध्ये पहिल्यांदा ओढले गेलेले बरेच मराठी लोक ड्राफ्टच्या (लीगमधले सगळे आळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात तो दिवस) आदल्या रात्री एखादी रँकिंगची लिस्ट डाउनलोड करतात आणि वरून खाली नावं घेत जातात. रनिंग बॅकसाठी, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्यांसाठी, हे एक वेळ चालून जाईल, पण वाइड रिसीव्हरमध्ये, म्हणजे पास पकडणाऱ्यांमध्ये, थोडा अभ्यास केला तर फायदा खूप आहे, कारण दरवर्षी या पोझिशनवर कोणीतरी अगदी खालून वर येतो.

१. आधी लीगचे पॉइंट कसे मोजतात ते बघा

हे दोन मिनिटांचं काम आहे आणि तरी लोक करत नाहीत. साधारण सगळीकडे १० यार्डांना १ पॉइंट आणि टचडाऊनला (बॉल शेवटच्या रेषेपलीकडे नेला की) ६. फरक पडतो तो कॅचला. पीपीआर लीगमध्ये प्रत्येक कॅचला १ पॉइंट, हाफ पीपीआरमध्ये अर्धा, स्टँडर्डमध्ये काहीच नाही. समजा एकाने ७ कॅच, ८० यार्ड, १ टचडाऊन केला आणि दुसऱ्याने ३ कॅच, ९५ यार्ड, १ टचडाऊन. स्टँडर्डमध्ये दुसरा पुढे, १४ विरुद्ध १५.५. पीपीआरमध्ये पहिला पुढे, २१ विरुद्ध १८.५. खेळ तोच, पण तुमच्या लीगसाठी चांगला खेळाडू बदलला. त्यामुळे इंटरनेटवर सापडलेली रँकिंग कुठल्या स्कोअरिंगची आहे ते बघितल्याशिवाय वापरू नका. त्याचबरोबर रिसीव्हर २ लावायचे आहेत की ३ आणि फ्लेक्स (रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड कोणीही चालेल अशी जागा) किती, हेही बघून ठेवा. १२ जणांची लीग आणि ३ रिसीव्हर म्हणजे दर आठवड्याला ३६ रिसीव्हर मैदानात, वर फ्लेक्सचे वेगळे, चांगले रिसीव्हर पटकन संपतात.

२. टार्गेट बघा, बाकी सगळं नंतर

माझ्या मते वाइड रिसीव्हर निवडताना एकच आकडा बघायचा असेल तर तो टार्गेटचा. टार्गेट म्हणजे क्वार्टरबॅकने (टीमचा पास टाकणारा खेळाडू) त्या रिसीव्हरकडे टाकलेला पास, पकडला तरी मोजतात, सुटला तरी मोजतात. यार्ड आणि टचडाऊन एका वर्षी येतात, एका वर्षी जातात, पण कोच आणि क्वार्टरबॅकचा कोणावर विश्वास आहे हे टार्गेट सांगतं. मोठी वर्षं बघा ना. कूपर कपने २०२१ मध्ये १४५ कॅच, १,९४७ यार्ड आणि १६ टचडाऊन केले, टार्गेट होते १९१. सीडी लॅम २०२३ मध्ये १,७४९ यार्ड, टार्गेट १८१. जमार चेस २०२४ मध्ये १२७ कॅच, १,७०८ यार्ड, १७ टचडाऊन, टार्गेट १७५. एवढे पास आलेच नाहीत तर माणूस कितीही वेगवान असला तरी करणार काय.

नुसता टोटल आकडा न बघता टीमच्या एकूण पासपैकी किती टक्के त्याच्याकडे जातात ते बघा, याला टार्गेट शेअर म्हणतात. एनएफएलची टीम एका मॅचमध्ये साधारण ३३-३४ पास टाकते, त्यातले २५ टक्के एकाकडे गेले तर आठच्या वर टार्गेट झाले, आणि असा माणूस दर आठवड्याला डोळे झाकून लावता येतो. २० टक्क्यांच्या आसपास असलेला दुसऱ्या नंबरचा रिसीव्हर म्हणून चालतो, १५ च्या खाली असेल तर तो एखाद्या लांब पासवर जगतोय, त्याच्यावर आठवडाभराची आशा ठेवायची नाही.

इथे एक गोष्ट नवीन लोकांना पटत नाही, ती म्हणजे हरणाऱ्या टीमचा रिसीव्हर वाईट नसतो. उलट मागे पडलेली टीम पासच टाकत बसते. २०२४ मध्ये न्यूयॉर्क जायंट्स १७ पैकी ३ मॅच जिंकले, पण त्यांचा रूकी, म्हणजे एनएफएलमधल्या पहिल्याच वर्षातला, मलिक नेबर्स १५ मॅचमध्ये १७० टार्गेट आणि १०९ कॅच घेऊन गेला. टीम पॉइंट टेबलात तळाला आहे म्हणून त्यांच्या नंबर एकच्या रिसीव्हरला सोडणारे लोक लीगमध्ये असतातच, ते तुमच्यासाठी चांगलंच आहे.

३. पास टाकणारा कोण आहे

टार्गेट भरपूर पण पास टाकणारा धड नाही, असंही होतं. गॅरेट विल्सनसारखा गुणी रिसीव्हर, २०२३ मध्ये जेट्सकडे क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स आला म्हणून सगळे त्याला वर वर घेत होते, आणि रॉजर्स पहिल्याच मॅचमध्ये चौथ्या स्नॅपला, म्हणजे चौथ्यांदा बॉल खेळात आला तेव्हाच, टाचेमागची अकिलीस शीर फाटून सीझनभर बाहेर गेला. विल्सनला १६८ टार्गेट मिळाले तरी १,०४२ यार्ड आणि फक्त ३ टचडाऊन. उलट बाजूने कूपर कप, २०२० मध्ये हजार यार्डही झाले नव्हते, मग मॅथ्यू स्टॅफर्ड टीममध्ये आला आणि पुढचं वर तुम्ही वाचलंच. त्यामुळे उन्हाळ्यात क्वार्टरबॅक कुठे बदलले याची एक छोटी यादी करा आणि त्या प्रत्येक टीमचा पहिला-दुसरा रिसीव्हर कोण ते लिहून ठेवा. यादी सात-आठ नावांची होते, फार काम नाही.

४. टचडाऊनच्या आकड्यावर भाळू नका

टचडाऊन हा सगळ्यात फसवा आकडा. डिऑन्टे जॉन्सनला २०२२ मध्ये १४७ टार्गेट मिळाले, ८६ कॅच घेतले आणि टचडाऊन शून्य. एवढे पास येणारा माणूस वर्षानुवर्षं शून्यावर राहत नाही, पुढच्या वर्षी त्याने ५ केले. याच्या उलट गेब डेव्हिस, जानेवारी २०२२ च्या प्लेऑफमध्ये कॅन्सस सिटीविरुद्ध एकाच मॅचमध्ये २०१ यार्ड आणि ४ टचडाऊन, ती मॅच ज्यांनी बघितली त्यांच्या डोळ्यासमोरून हलत नाही. मग पुढच्या ड्राफ्टमध्ये त्याची किंमत भरमसाट चढली आणि अख्ख्या सीझनमध्ये ४८ कॅच झाले. कॅच कमी आणि टचडाऊन जास्त असा कोणी दिसला की तो एक-दोन राउंड खाली मिळाला तरच घ्या. टार्गेट भरपूर आणि टचडाऊन कमी असा दिसला तर त्याच्यावर खूण करून ठेवा.

५. आता स्लीपर

स्लीपर म्हणजे ज्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही असा माणूस, असा एक समज आहे. तसं काही नाही. ज्याला मिळणारं काम त्याच्या ड्राफ्टमधल्या जागेपेक्षा मोठं असणार आहे तो स्लीपर, मग तो सातव्या राउंडला जाणारा असो नाहीतर कोणीच न घेतलेला. ड्राफ्टमधली जागा बघायला एडीपी असतो, म्हणजे तो खेळाडू साधारण कितव्या नंबरला जातो त्याची सरासरी. तुम्ही जिथे ड्राफ्ट करणार त्याच ॲपचा एडीपी बघा, कारण लीगमधले बाकीचे लोक समोर दिसणाऱ्या लिस्टमधूनच उचलतात.

मग शोधायचं कुठे? सगळ्यात आधी मोकळ्या झालेल्या जागा. मार्च महिन्यात एनएफएलमध्ये खेळाडू टीम बदलतात, तेव्हा कुठल्या टीममधून मोठे रिसीव्हर गेले ते टिपून ठेवा. २०२४ च्या मार्चमध्ये चार्जर्सने कीनन ॲलनला शिकागोला ट्रेड केलं आणि माइक विल्यम्सला सोडून दिलं. एकट्या ॲलनचे आदल्या वर्षी १५० टार्गेट होते, ते पास कुठेतरी जाणारच होते ना, जस्टिन हर्बर्टसारखा क्वार्टरबॅक हात बांधून तर बसणार नाही. लोक म्हणत होते की नवीन कोच जिम हार्बो पास कमी टाकून नुसता बॉल पळवणार, आणि म्हणून रूकी लॅड मॅकॉन्की मधल्या राउंडांपर्यंत आरामात मिळत होता. त्याने ८२ कॅच, १,१४९ यार्ड, ७ टचडाऊन केले. यात काही गुपित नव्हतं, सगळी माहिती एप्रिलमध्येच पेपरात आलेली होती.

दुसरी जागा म्हणजे दुखापतीची बातमी. बातमी आली की सगळे जखमी खेळाडूकडे बघतात, तुम्ही त्याच्यामागे कोण उभा आहे ते बघा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये कूपर कपच्या हॅमस्ट्रिंगचं पुन्हा पुन्हा काहीतरी निघत होतं. त्याच टीममध्ये एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमध्ये (तिथे टीम नवे खेळाडू घेतात) पाचव्या राउंडला, १७७ व्या नंबरला घेतलेला रूकी पुका नाकुआ होता, बहुतेक फँटसी लीगमध्ये त्याला कोणी हातही लावला नाही. कप पहिल्या चार मॅच बाहेर बसला, नाकुआने पहिल्या मॅचमध्ये १५ टार्गेटवर १० कॅच घेतले, दुसऱ्या मॅचमध्ये १५ कॅच, आणि वर्षाअखेर १०५ कॅच आणि १,४८६ यार्ड, म्हणजे रूकीचे तेव्हाचे दोन्ही रेकॉर्ड (कॅचचा पुढच्याच वर्षी मोडला). कप परत आला तरी नाकुआची जागा गेली नाही, आणि हेच लक्षात ठेवण्यासारखं आहे, एकदा विश्वास बसला की कोच तो माणूस बाहेर काढत नाही.

तिसरी जागा म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातले, ज्यांच्यावर लोकांनी फुली मारली आहे ते. नीको कॉलिन्सची पहिली दोन वर्षं ४४६ आणि ४८१ यार्ड. तिसऱ्या वर्षी ब्रँडिन कुक्स डॅलसला गेला म्हणून जागा मोकळी झाली, सी. जे. स्ट्राउडसारखा क्वार्टरबॅक आला, आणि कॉलिन्सने १,२९७ यार्ड आणि ८ टचडाऊन केले. यात दोन कारणं एकत्र आली होती आणि अशी दोन कारणं एकाच नावापुढे दिसली तर मी दोन राउंड आधीसुद्धा घेईन.

रूकींचं मात्र वेगळं आहे, नाकुआसारखे अपवाद सोडले तर बऱ्याच जणांना वेळ लागतो. अमॉन-रा सेंट ब्राऊन २०२१ मध्ये चौथ्या राउंडचा रूकी, सीझनच्या पहिल्या अर्ध्यात विशेष काही नाही, आणि शेवटच्या सलग सहा मॅचमध्ये प्रत्येकी किमान ८ कॅच. म्हणजे ऐन फँटसी प्लेऑफच्या आठवड्यांत तो लोकांना मॅच जिंकून देत होता. असा रूकी बेंचवर ठेवायचा असेल तर बाकीची टीम सुरुवातीला भक्कम लागते, सगळी बेंच रूकींनी भरली तर सप्टेंबरमध्येच तीन मॅच हरून बसाल.

प्रीसीझनच्या मॅचमधले यार्ड बघू नका, तिथे समोर बऱ्याचदा राखीव खेळाडू असतात. बघायचं हे की तो पहिल्या क्वार्टरबॅकबरोबर मैदानात उतरतोय का, आणि मोठ्या खेळाडूंना विश्रांती दिली तेव्हा त्यालाही त्यांच्याबरोबर बसवलं का. एखाद्या नवख्याला कोचने न खेळवता बसवून ठेवलं तर ती फार चांगली खूण आहे.

६. ड्राफ्टच्या दिवशी

स्नेक ड्राफ्टमध्ये क्रम उलटत जातो. १२ जणांत तुमचा नंबर ५ असेल तर तुम्हाला ५, २०, २९, ४४, ५३ असे नंबर मिळतात. म्हणजे २९ नंतर थेट ४४, मध्ये १४ खेळाडू जाणार. म्हणून रिसीव्हरची एक लांबलचक लिस्ट न करता गट पाडा, ज्या चौघांत तुम्हाला फारसा फरक वाटत नाही ते एका गटात. गटात चारजण शिल्लक असतील तर थांबा आणि दुसरी पोझिशन घ्या, एकच उरला असेल तर आत्ताच घ्या. पीपीआर आणि ३ रिसीव्हरची लीग असेल तर पहिल्या पाच राउंडांत तीन रिसीव्हर घ्यायला मी अजिबात कचरत नाही, स्टँडर्डमध्ये दोन पुरेत.

स्लीपरसाठी नववा राउंड उलटल्यावरची जागा ठेवा आणि तिथे सेफ माणूस घेऊ नका. दर आठवड्याला ६-७ पॉइंट देणारा म्हातारा रिसीव्हर वेव्हरवर, म्हणजे लीगमध्ये कोणीच न घेतलेल्या खेळाडूंमध्ये, कधीही फुकट मिळतो. तिथे असा घ्या की जमलं तर दुसऱ्या नंबरचा रिसीव्हर होईल आणि नाही जमलं तर दोन आठवड्यांत सोडून देता येईल. किकर आणि डिफेन्स अगदी शेवटच्या दोन राउंडांत. आणि ड्राफ्टची तारीख ठरवणं तुमच्या हातात असेल तर ती सीझन सुरू व्हायच्या जितकी जवळ तितकं बरं, दुखापतीच्या बातम्या तोपर्यंत येऊन गेलेल्या असतात.

७. पहिले तीन आठवडे

एका आठवड्याच्या पॉइंटवरून कोणाला काढू नका, पण टार्गेट आणि तो किती स्नॅप मैदानात होता ते दर मंगळवारी बघाच. ९ टार्गेट आणि ३ कॅच घेणाऱ्याला धरून ठेवा. २ टार्गेट आणि एक ६० यार्डाचा टचडाऊन घेणाऱ्याला कोणी ट्रेडमध्ये मागत असेल तर देऊन टाका. वेव्हरवर नाकुआसारखा कोणी पहिल्याच आठवड्यात दिसला, १० च्या वर टार्गेट आणि जवळजवळ सगळे स्नॅप, तर वेव्हरवर बोली लावायचं बजेट वाचवत बसू नका, त्याच आठवड्यात मोठी बोली लावा, पुढच्या आठवड्यात तो सगळ्यांना दिसलेला असतो.

भारतातून खेळत असाल तर वेळा पाठ करून ठेवा. रविवारच्या पहिल्या मॅच आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतात, नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेअकराला. कोण खेळणार नाही याची यादी मॅचच्या ९० मिनिटं आधी येते, म्हणजे जेवणं उरकली की रात्री नऊला, नोव्हेंबरनंतर दहाला, एकदा ॲप उघडून टीम बघायची. गुरुवारची मॅच आपल्या शुक्रवारी पहाटे असते, त्यातला रिसीव्हर लावायचा असेल तर तो फ्लेक्समध्ये न टाकता रिसीव्हरच्याच जागेवर टाका, म्हणजे रविवारी कोणी ऐनवेळी बाहेर बसला तर फ्लेक्समध्ये रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड कोणालाही टाकायची सोय राहते.