पाहणीसाठी तरुण, मध्यमवयीन आणि ज्येष्ठ यांच्या सीमा कशा ठरवाव्यात

गावाची, प्रभागाची किंवा गृहनिर्माण संस्थेची पाहणी करताना प्रश्नावलीत ‘तरुण’, ‘मध्यमवयीन’ आणि ‘ज्येष्ठ’ असे तीन रकाने आखून त्यांपैकी एकात खूण करून घेण्याची पद्धत आजही आढळते. ती टाळावी. एकदा खूण झाली की मूळ वय हरवते आणि पुढे दुसऱ्या कामासाठी त्याच माहितीची फेरमांडणी करता येत नाही. म्हणून प्रश्नावलीत जन्मतारीख आणि पूर्ण झालेली वर्षे एवढेच लिहून घ्यावे व गट पाडण्याचे काम घरी परतल्यावर, पाहणीचा हेतू समोर ठेवून करावे.

जन्मतारखेवर मात्र डोळे मिटून विसंबू नये. महाराष्ट्रात जुन्या पिढीतील असंख्य लोकांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून हीच तारीख असते, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत आणि मुलाची खरी तारीख घरच्यांना ठाऊक नसल्यास गुरुजी पहिलीत बसेल असे वर्ष धरून ती लिहीत. निवृत्ती आणि सवलती यांसाठी हीच कागदोपत्री तारीख धरली जाते. परंतु आरोग्याच्या पाहणीत खऱ्या वयाच्या जवळपास पोहोचणे आवश्यक असते. तेथे प्रसंगांच्या आधाराने विचारावे. पुण्यात १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर, साताऱ्याकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, मराठवाड्यात सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, गोव्यात १९ डिसेंबर १९६१ ची मुक्ती या खुणा वडीलधाऱ्यांच्या मनात पक्क्या असतात. ‘बहात्तरच्या दुष्काळात आजी, तुम्ही खडी फोडायला जात होता की आईच्या कडेवर होता?’ या एका प्रश्नाने कागदापेक्षा खरे उत्तर मिळू शकते. आणखी एक सावधगिरी अशी की, अंदाजाने वय सांगणारी माणसे शून्य किंवा पाच यांवर संपणारा आकडा सांगतात. त्यामुळे ‘साठ’ असे उत्तर आल्यास ते पुन्हा पडताळावे, कारण नेमकी तेथेच ज्येष्ठत्वाची सीमा असते.

तारुण्याची सीमा ठरवणे तुलनेने सोपे आहे, मात्र आधार कोणता घेतला ते लिहावे लागते. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी १५ ते २४ हा युवकांचा वयोगट मानतो. भारताच्या २००३ च्या युवा धोरणात तो १३ ते ३५ होता आणि २०१४ च्या धोरणात १५ ते २९ झाला. रोजगार व कौशल्यशिक्षण यांच्या पाहणीसाठी १५ ते २९ घ्यावा, तर लोकशाहीतील सहभाग पाहायचा असल्यास १८ पासून आरंभ करावा, कारण मतदान त्या वयापासून करता येते.

वार्धक्याच्या बाबतीत अडचण उलटी आहे: येथे सीमा अनेक आहेत आणि प्रत्येकीला पैशाचा किंवा हक्काचा संदर्भ आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा ६० वर्षे पूर्ण झालेल्यास ज्येष्ठ मानतो आणि प्राप्तिकरात ६० व ८० असे दोन टप्पे आहेत. महाराष्ट्रात एसटीच्या अर्ध्या तिकिटासाठी व श्रावणबाळ योजनेसाठी ६५, तर एसटीच्या मोफत प्रवासासाठी ७५ वर्षे पूर्ण असावी लागतात. आयुष्मान योजनेतील सरसकट आरोग्यविम्यासाठी ही अट ७० वर्षांची आहे. म्हणून ‘ज्येष्ठ’ हा एकच गट न ठेवता ६०–६४, ६५–६९ असे पाच-पाच वर्षांचे गट ८० पर्यंत पाडावेत. जनगणनेतील वयाचे तक्तेही असेच असल्याने तुलना सुलभ होते. ऊसतोड कामगार आणि हमाल यांची शरीरे साठीच्या पुष्कळ आधी थकतात, आणि ही गोष्ट वयाच्या आकड्यात कधीच उमटत नाही. तेव्हा व्यवसायाचा रकाना अवश्य ठेवावा आणि ‘गेल्या वर्षी काम झेपले का’ हेही विचारावे.

सर्वांत दुर्लक्षित गट मधला. त्याला ना सवलत आहे, ना धोरण. तरुण आणि ज्येष्ठ वजा केल्यावर जे उरतात त्यांनाच मध्यमवयीन म्हटले जाते, आणि हे मला अन्यायाचे वाटते, कारण मुलांचे शिक्षण आणि आईवडिलांचे औषधपाणी ही दोन्ही ओझी पुष्कळदा याच वयात एकत्र येतात. वैद्यकीय शोधनिबंधांच्या विषयसूचीत ४५ ते ६४ हे मध्यमवय मानले जाते. आपल्याकडे ६० ला ज्येष्ठत्व सुरू होत असल्याने ४५ ते ५९ हा गट घेणे योग्य ठरते. मात्र ३० ते ४४ हा गट त्यात मिसळू नये. मधुमेह व रक्तदाबाची सरकारी तपासणी ३० व्या वर्षापासून होते, तेव्हा या गटाचे आकडे वेगळे हवेत. दोन्ही गटांना, आपल्यावर किती मुले व किती वृद्ध अवलंबून आहेत, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. स्त्रियांच्या बाबतीत, घरातील आजाऱ्याची शुश्रूषा कोण करते, हा प्रश्न वेगळा ठेवावा.

तक्ता करताना ‘३०–४५’ आणि ‘४५–६०’ असे गट लिहू नयेत, अन्यथा पंचेचाळिशीचा माणूस दोन्हींत मोजला जातो. ‘६० च्या वर’ असे मोघम न लिहिता ‘६० वर्षे पूर्ण व त्यापुढील’ असे लिहावे, आणि मतदारयादीप्रमाणेच वय कोणत्या तारखेस मोजले ती तारीख प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर नोंदवावी.