रिलोडिंगच्या हत्यारांसाठी दोन सुताचा अ‍ॅडॅप्टर

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझा लेथवर हात बसला. आता ओहायोत राहतो, रेंजवर रायफल चालवतो आणि माझी काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरतो, यालाच रिलोडिंग म्हणतात. इथे स्वतःपुरती भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विकायची तर लागतो. भारतात मात्र 1959च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, तेव्हा तिथे कुणी हे करू नये.

या कामात मनगट दुखतं ते रिकाम्या पुंगळ्या तयार करताना. प्रायमर म्हणजे बुडाशी बसणारी, ठिणगी देणारी टोपी; तिच्या खळग्यातली काजळी खरवडायची, तोंडाची बर (कडेला उरलेली धातूची कूस) आतून-बाहेरून काढायची, पुंगळीच्या मानेत ब्रश फिरवायचा. या हातअवजारांची (हत्यारं म्हणतो ती हीच, शस्त्रं नव्हेत) मूठ काढली की बहुतेकांच्या बुडाला 8-32 या अमेरिकन मापाचे आटे निघतात. म्हणजे दोन सुताच्या (पाव इंची, स्क्रूड्रायव्हरच्या बिटाएवढ्या) षटकोनी सळीच्या एका टोकाला तेच आटे आतून पाडले, की सगळी हत्यारं बॅटरीच्या स्क्रूड्रायव्हरला बसतात.

सळी 12एल14 या सहज कापल्या जाणाऱ्या पोलादाची घ्या, लोण्यासारखी कापली जाते. अ‍ॅलन की कापून वापरायचा मोह होईल, पण ती कडक केलेली असते, ड्रिल जळेल. 40 मिमी तुकडा कापा आणि तोंड लेथवर अगदी काटकोनात फेस करा, म्हणजे सपाट कापून घ्या. हत्याराचा खांदा याच तोंडावर टेकतो. तोंड तिरकं असेल तर हत्यार डोलणारच.

आता भोक. आधी सेंटर ड्रिल, मग 29 नंबरचं, म्हणजे 3.45 मिमीचं ड्रिल, साधारण 15 मिमी खोल. सपाट बाजूंपाशी भिंत जेमतेम एक मिमी उरते, त्यामुळे भोक मधोमधच हवं. लेथ नसेल तर ड्रिल प्रेसवर उलटं करा: ड्रिल चकमध्ये धरून खाली आणा, त्याच जागी व्हाइसमध्ये उभं पकडा, व्हाइस टेबलाला बोल्टनं आवळा, मग चकमध्ये सळी लावून ती फिरती खाली न्या. फिरणाऱ्या कामात भोक आपोआप मध्य धरतं. सेंटर ड्रिलही याच पद्धतीनं.

तोंडाला हलका चॅम्फर (तिरकी कड) द्या आणि टॅप, म्हणजे आतले आटे पाडायचं हत्यार, हातानंच मारा. कटिंग ऑइल भरपूर, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. घरातला एम4 टॅप 8-32च्या जागी चालवू नका. दिसायला सारखा असला तरी व्यास आणि पिच (दोन आट्यांमधलं अंतर) दोन्ही वेगळे आहेत.

लॉकटाइटची, म्हणजे आटे चिकटवणाऱ्या द्रवाची, गरज नाही. स्क्रूड्रायव्हर सुलट फिरताना हत्यार आपणच घट्ट होत जातं, उलट फिरवलं तर सुटतं. वेग 200 आरपीएमच्या आसपास पुरे. बर काढताना हत्यार नुसतं टेकवा. दाबलंत तर पुंगळीच्या तोंडाला सुरीसारखी धार येते आणि ती पुंगळी लवकर चिरते.

चष्मा लावा. ज्या पुंगळीत न उडालेला प्रायमर आहे, तिला फिरतं हत्यार कधीही लावू नका. प्रायमरच्या काजळीत शिसं असतं. काम संपल्यावर हात साबणानं धुवा, टेबल ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं स्वयंपाकघरात नेऊ नका.