सापडलेला दगड जीवाश्म आहे का, आणि असल्यास त्याचे मोल कसे ठरवावे

शेत नांगरताना, विहीर खोदताना किंवा नदीच्या पात्रात एखादा वेगळा दगड हाती लागला, तर त्याच्या आकाराकडे पाहण्याआधी तो कोणत्या खडकातून निघाला हे पाहावे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या कातळाने, म्हणजे बेसॉल्टने, व्यापलेला आहे आणि तप्त लाव्ह्यात जीवाचे अवशेष टिकण्याची शक्यता फारच थोडी असते. मात्र लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमधील काळात जी तळी तयार झाली, त्यांच्या गाळाच्या थरांत गोगलगायींचे शंख, बिया आणि लाकूड सापडते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा आणि डोंगरगाव येथे डायनासोरचे अवशेष मिळाले आहेत, सिरोंचा परिसरातील खडक त्याहूनही जुने आहेत, तर गोदावरी आणि मांजरा नद्यांच्या गाळात त्यामानाने अगदी अलीकडचे हत्ती व रानबैल यांची हाडे मिळतात. दगड निव्वळ काळ्या कातळातून फुटून निघाला असेल, तर अपेक्षा बेताचीच ठेवावी.

सर्वाधिक फसगत होते ती 'अंड्यां'च्या बाबतीत. बेसॉल्ट झिजताना त्याचे गोल गोळे सुटतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे त्यांचे थर निघत जातात. ती अंडी नव्हेत. खऱ्या अंड्याला आतल्या गाळापासून स्पष्टपणे वेगळे दिसणारे, साधारण एक ते काही मिलिमीटर जाडीचे एकच कवच असते आणि भिंगातून पाहिल्यास त्यावर बारीक उंचवटे व छिद्रे दिसतात. याच्या उलट चूकही होते. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात पाडल्या येथे ज्या गोल दगडांची 'काकड भैरव' म्हणून पूजा होत असे, ती टायटॅनोसॉर डायनासोरची अंडी असल्याचे तज्ज्ञांच्या पाहणीनंतर 2023 साली प्रसिद्ध झाले.

हाडाच्या जीवाश्माचा तुटलेला पृष्ठभाग पाहावा. आत जाळीदार पोकळ्यांची नियमित रचना दिसली, तर शक्यता बळावते. सुटलेल्या बारीक कणाला ज्योत लावल्यावर केस जळल्यासारखा वास आला, तर हाड बहुधा अलीकडचे आहे. अश्मीभूत लाकूड बहुतेक वेळा गारगोटीच्या द्रव्याचे बनलेले असते, त्यामुळे चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. पण तशी गारगोटी आपल्याकडे जागोजागी पडलेली असते, म्हणून केवळ कठीणपणावर निर्णय न देता आडव्या छेदावर लाकडाच्या पेशींच्या रांगा शोधाव्यात. दगडाच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, तर ती बहुधा मँगनीजच्या संयुगांची असते. तिच्यात पानाच्या शिरा नसतात. चुनखडी आहे का हे पाहण्यासाठी लिंबू किंवा व्हिनेगर टाकणारे पुष्कळ भेटतात, परंतु आम्लाने कवच खराब होते आणि मिळणारे उत्तर केवळ खनिजाबद्दलचे असते.

मोलाचा प्रश्न यानंतरचा. बाजारात नग किती पूर्ण आहे, जात किती दुर्मीळ आहे आणि दुरुस्ती किती झाली आहे यांवर किंमत ठरते. अनेकांच्या देवघरातील शाळिग्राम हा नेपाळमधील काली गंडकीच्या खोऱ्यातला अमोनाइट या सागरी जीवाचा जीवाश्म असतो, आणि त्याची किंमत श्रद्धेनेही ठरते. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र तो कुठल्या थरातून निघाला हीच माहिती निर्णायक असते. पिसदुऱ्याच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सिलिकायुक्त सूक्ष्म कण सापडल्याचे 2005 साली प्रसिद्ध झाले आणि डायनासोरच्या काळातही गवत होते हे त्यातून सिद्ध झाले. दिसायला सामान्य असलेल्या त्या तुकड्यांचे ठिकाण नोंदलेले नसते, तर हा निष्कर्ष काढणे शक्य झाले नसते. म्हणूनच ठिकाण न सांगता ऑनलाइन दर सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

त्यामुळे दगड हलवण्यापूर्वी शेजारी मोजपट्टी किंवा नाणे ठेवून सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपावेत, थराचा रंग आणि जमिनीपासूनची खोली लिहावी. धुणे, घासणे, व्हार्निश लावणे, उरलेला भाग खणून काढणे टाळावे. जमीन दुसऱ्याची असेल तर मालकाची परवानगी घ्यावी. वनजमीन किंवा संरक्षित क्षेत्र असेल तर काहीच उचलू नये. विक्रीचा विचार असेल, तर कायदेशीर बाजू आधी तपासावी. हा तपशील छायाचित्रांसह भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूर कार्यालयाकडे, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाकडे पाठवावा, आणि उत्तर येईपर्यंत नग कोरड्या कागदात गुंडाळून, ठिकाणाची चिठ्ठी त्याच पुडक्यात घालून ठेवावा.