लढवय्यी काढताना: बाईही दिसेल, लढेलही

चित्रात लढवय्यी बाई काढायला घेतली की एकतर बाहुली होते, नाहीतर बिनमिशीचा मावळा. मराठा काळातली असेल तर असं करून बघा.

१. आधी नुसती काळी सावली काढा. पाय खांद्यांहून रुंद, गुडघे किंचित वाकलेले, ढाल पुढे. सावलीतच ती लढणारी वाटली पाहिजे. नंतर दागिने चढवून काही सुधारत नाही.

२. नऊवारीचा कासोटा मागे घट्ट खोचलेला, काठ पोटरीच्या वर. पदर छातीवरून तिरका आणून कमरेला आवळा, वरून शेला. कमरेचा बाक या बांधणीतूनच दिसतो, वेगळा कोरावा लागत नाही.

३. केसांचा अंबाडा. मनगटं जरा भरीव ठेवा, रोज तलवार फिरवणारा हात आहे तो. कपाळावर कुंकू, कानात कुड्या, बस. (नथ मलाही आवडते, पण झटापटीत पहिली तीच अडकेल.)

एक जपा: चिलखत घातलंत तर छातीला दोन वेगळे उंचवटे देऊ नका. वार घसरून नेमका मधल्या खाचेत येतो. एकसंध, किंचित फुगीर ठेवा.